वसंताची डेडलाइन: हॉकनी गावात राहून नेमकं काय करत होता?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन पुन्हा एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे निघत नाहीत.

गेले काही महिने तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, काहीच सुचत नाहीये. दोन-तीन महिने सगळं सोडून गावाकडे जाऊन राहिलो तर डोकं परत चालायला लागेल का?" विचारणारे बहुतेक चित्रं काढणारे, डिझाइन करणारे. काही माझ्यासारखे कोड लिहून पोट भरणारेही. कलाकारांच्या दुनियेत या प्रकाराला रीतसर नाव आहे, रेसिडेन्सी. एखादी संस्था कलाकाराला ठरावीक काळासाठी राहायला खोली आणि कामाला जागा देते, कधी थोडे पैसेही देते, आणि म्हणते, इथे राहा, काम कर. अशा बऱ्याच जागा मुद्दाम खेड्यात असतात. समज असा की शांतता मिळाली, हिरवळ दिसली की आतून काहीतरी उगवतं.

मला हा समज अर्धवट वाटतो. का, ते सांगायला आज एका म्हाताऱ्या चित्रकाराची गोष्ट घेतलीय. मी बीटेकवाला माणूस, चित्रकलेत माझं शिक्षण शाळेतल्या एलिमेंटरीच्या परीक्षेपर्यंत. पण या गोष्टीत फोन आहे, ॲप आहे, फाइलचं रिझोल्यूशन आहे, त्यामुळे थोडं बोलायला हरकत नसावी.

चित्रकाराचं नाव डेव्हिड हॉकनी. जन्म 1937 चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डचा. 1964 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला आणि तिथल्या उन्हाने आणि स्विमिंग पूलनी त्याला प्रसिद्ध केलं. 1967 चं 'अ बिगर स्प्लॅश' तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. निळं पाणी, डायव्हिंग बोर्ड, आणि कुणीतरी नुकतीच उडी मारल्यावर उडालेला पांढरा फवारा. माणूस दिसतच नाही. त्याचंच 1972 चं एक पूलवालं चित्र 2018 च्या लिलावात 9 कोटी डॉलरच्या वर गेलं, हयात चित्रकाराच्या कामाला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. म्हणजे पैसा, नाव, ऊन, सगळं होतं. आणि हा माणूस साठीनंतर इंग्लंडच्या एका थंड, पावसाळी कोपऱ्यात जाऊन राहिला. त्याला कुठल्या संस्थेने बोलावलं नव्हतं. त्याने आपली रेसिडेन्सी आपणच उभी केली, ती पण दोनदा.

सुरुवात मात्र 'चला, जरा निसर्गात जाऊ' अशी झाली नाही. 1997 मध्ये त्याचा जवळचा मित्र जोनाथन सिल्व्हर कॅन्सरने आजारी होता. सिल्व्हर म्हणजे ब्रॅडफर्डजवळची साल्ट्स मिल ही बंद पडलेली जुनी कापडगिरणी विकत घेऊन तिथे हॉकनीच्या चित्रांची गॅलरी करणारा माणूस. हॉकनीची आई आणि बहीण ब्रिडलिंग्टन नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात राहायच्या. तिथून तो मित्राला भेटायला वारंवार गाडीने जायचा. वाट यॉर्कशायर वोल्ड्समधून, म्हणजे बुटक्या टेकड्या, शेतं आणि वळणावळणाचे रस्ते यातून. सिल्व्हर त्याला म्हणत होता की आपला यॉर्कशायर रंगव. हॉकनीने रंगवला. रस्ते, शेतांचे पट्टे, दूरवर दिसणारी गावं, बरंचसं आठवणीतून. सिल्व्हर त्याच वर्षी गेला. दोन वर्षांनी आईही गेली.

त्या चित्रांत रंग भडक आहेत, जवळजवळ कॅलिफोर्नियाचेच. पण एक गोष्ट नवी होती. तो एकच वाट आठवड्यामागून आठवडे तुडवत होता, आणि वाट प्रत्येक वेळी वेगळी दिसत होती. पीक वाढत होतं, कापलं जात होतं, रंग बदलत होते. लॉस एंजेलिसमध्ये हे फारसं होत नाही. तिथे जानेवारी आणि जून यात आपल्याला जाणवेल एवढा फरक नसतो. तीस वर्षं तिथे काढलेल्या माणसाला ऋतू नावाची गोष्ट जणू नव्याने भेटली.

मग मधली काही वर्षं तो दुसऱ्याच उद्योगात होता. जुन्या चित्रकारांनी आरसे आणि भिंगं वापरून चित्रं काढली का, याचा पिच्छा पुरवत होता, त्यावर 2001 मध्ये पुस्तकही आलं. ते प्रकरण मोठं आहे, कधीतरी वेगळा एपिसोड करू.

2004 च्या सुमाराला तो खऱ्या अर्थाने ब्रिडलिंग्टनमध्ये रुजायला लागला. घर म्हणजे समुद्राजवळचं एक जुनं छोटं हॉटेल, त्याच्या माळ्यावर स्टुडिओ. आधी जलरंग, मग 2005 पासून तैलरंग, तेही बाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहून. आणि इथून पुढचं मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण हा माणूस गावात 'प्रेरणा शोधत' अजिबात फिरत नव्हता. त्याने एक रस्ता पकडला, वोल्डगेट. रोमन काळापासूनचा, फारशी रहदारी नसलेला, दोन्ही बाजूंना झाडं. फोटो काढायला थांबावं असंही तिथे काही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या मागच्या रस्त्यावर गाडी घातलीत तर असं दृश्य दिसेल, फक्त झाडं वेगळी.

त्या रस्त्यावरच्या काही ठरावीक जागांवर तो पुन्हा पुन्हा येत राहिला. 2006 मध्ये वोल्डगेटच्या झाडीतली एकच जागा, सहा कॅनव्हास जोडून एक चित्र, अशी मालिका वर्षभर चालली. चित्रांची नावं वाचलीत तर माझ्यासारख्याला हसू येतं. उदाहरणार्थ, 'वोल्डगेट वुड्स, 24, 25 आणि 26 ऑक्टोबर 2006'. हे चित्राचं नाव आहे की गिटचा कमिट लॉग? जागा तीच, तारीख वेगळी, त्यामुळे दोन चित्रांमध्ये नेमकं काय बदललं हे थेट दिसतं. पानं गेली. प्रकाश खाली आला. वाटेवरची सावली लांबली. एकच फाइल, दोन व्हर्जन, मधला डिफ. मी हे उगाच ओढूनताणून म्हणत नाहीये, त्याचं सगळं कामच त्या फरकावर उभं आहे. दर वेळी नवीन जागा घेतली असती तर फरक दिसलाच नसता, नुसती वेगवेगळी सुंदर दृश्यं जमली असती. तुमच्या-माझ्या फोनच्या गॅलरीत असतात तशी.

दुसरी गोष्ट, डेडलाइन. इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या सुमारास हॉथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाला फुलं येतात, अख्खी कुंपणं पांढरी होतात, आणि थोड्याच दिवसांत संपतं. कासच्या पठाराला ज्यांनी एक आठवडा उशिरा जाऊन पाहिलंय त्यांना हे दुःख कळेल. हॉकनी त्या दिवसांत पहाटे उठून रस्त्यावर हजर असायचा. 'उद्या मूड लागला तर बघू' हे चालतच नाही, उद्या वारा सुटला की फुलं खाली. 2009 मधलं त्याचं 'मे ब्लॉसम ऑन द रोमन रोड' बघा. फुलं इतकी जाडजूड रंगवलीत की झुडपावर कुणी दह्याची कवडी थापल्यासारखं वाटतं. त्यात घाई दिसते, आणि ती घाई चांगली वाटते.

सुचणं आणि न सुचणं या भानगडीबद्दल माझं मत इथे बनलं. रिकाम्या कॅलेंडरमध्ये बसून 'आता काय करू' हा प्रश्न सगळ्यात जड होतो. हॉकनीच्या गावात त्या प्रश्नाला जागाच नव्हती. काय करायचं ते झाड ठरवत होतं, कधी करायचं ते ऋतू ठरवत होता. त्याच्याकडे उरत होता फक्त 'कसं' हा प्रश्न, आणि सगळी मजा त्यातच आहे.

'कसं'चं एक मोठं उदाहरण. 2007 मध्ये त्याने 'बिगर ट्रीज निअर वॉर्टर' केलं. 50 कॅनव्हास, दहा आडवे आणि पाच उभे, मिळून 40 फूट रुंद आणि 15 फूट उंच. वॉर्टर गावाजवळची निष्पर्ण झाडं, वसंतात पानं फुटायच्या आत पूर्ण करायची. हे सगळं बाहेर उभं राहून. आता अडचण बघा. एवढं चित्र घरात मावत नाही, त्यामुळे रंगवताना पूर्ण चित्र त्याला एकदाही समोर दिसणार नाही. शिडीवर चढून रंगवावं तर मागे येऊन बघता येत नाही. मग त्याने प्रत्येक तुकड्याचे डिजिटल फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडत नेले. कालपर्यंतचं अख्खं चित्र स्क्रीनवर बघायचं आणि आजचा तुकडा रंगवायला बाहेर पडायचं. ओले कॅनव्हास न्यायला गाडीत खास कप्पे केलेले होते. मोठा कोडबेस डोक्यात मावत नाही म्हणून आपण मॉड्यूल करतो आणि बिल्ड लावून बघतो, तेच, फक्त चिखलात उभं राहून. चित्र त्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत एका पूर्ण भिंतीवर लागलं, आणि 2008 मध्ये त्याने ते टेट संग्रहालयाला देऊन टाकलं.

आता तुमच्या खिशातल्या वस्तूकडे येऊ.

2009 च्या आसपास हॉकनीच्या हातात आयफोन आला, वय 71-72. यंत्रांची त्याला भीती नव्हतीच. ऐंशीच्या दशकात त्याने फोटोकॉपी मशीनवर प्रिंट केल्या होत्या, 1989 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोतल्या प्रदर्शनाला चित्रं चक्क फॅक्सने पाठवली होती. फोनवर त्याने 'ब्रशेस' नावाचं ॲप घेतलं, स्टीव्ह स्प्रँग नावाच्या प्रोग्रॅमरने बनवलेलं. अंगठ्याने चित्रं काढायला लागला. खिडकीबाहेरचा सूर्योदय, फुलदाणीतली फुलं. आणि सकाळी मित्रांना पाठवायचा. हो, गुड मॉर्निंगवाली फुलं. फॅमिली ग्रुपवरच्या काकांना नावं ठेवताना हे लक्षात असू द्या.

फोनमुळे खरा फरक कशाने पडला? ब्रिडलिंग्टन पूर्व किनाऱ्यावर आहे, सूर्य समुद्रातून वर येतो. पहाटेच्या अंधारात कागदावर चित्र काढायचं तर दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावला की बाहेरचा तो अंधुक रंग मेला. फोनची स्क्रीन स्वतःच उजळलेली असते. अंथरुणातून न उठता, दिवा न लावता, बाहेरचा उजेड बदलेल तसा तो रंग टाकत गेला. पाणी भरणं नाही, ब्रश धुणं नाही, रंग वाळायची वाट बघणं नाही. दिसणं आणि उमटणं यातलं अंतर काही सेकंदांवर आलं. आपण कामात लेटन्सी कमी करायला जिवाचं रान करतो ना, हे तेच.

2010 मध्ये आयपॅड आला आणि कॅनव्हास मोठा झाला. कोटाच्या आतल्या खिशात स्केचबुक ठेवायची त्याची जुनी सवय होती, त्यामुळे खिसे आधीपासूनच मोठे शिवलेले. आयपॅड त्यात बसला.

ब्रशेसची एक खासियत सांगायलाच हवी. ते ॲप फक्त शेवटचं चित्र ठेवत नसे, प्रत्येक फटकाऱ्याची नोंद ठेवायचं. कुठून सुरू, कुठे संपला, रंग कोणता, जाडी किती. याचे दोन फायदे. एक, तुम्ही चित्र परत चालवून बघू शकता, कोऱ्या पडद्यापासून शेवटपर्यंत. हॉकनी म्हणायचा की याआधी त्याने स्वतःला चित्र काढताना कधी पाहिलं नव्हतं. दुसरा फायदा आपल्या लाइनीतला. पिक्सेल साठवले असतील तर चित्र मोठं केल्यावर फाटतं. फटकारे साठवले असतील तर तेच फटकारे मोठ्या आकारात पुन्हा मारता येतात. फोनच्या इवल्याशा पडद्यावरचं चित्र मोठं छापायची वाट अशी मोकळी होते.

आणि ती वाट त्याने 2011 मध्ये पूर्ण वापरली. 'वोल्डगेटमध्ये वसंत येतो' अशा अर्थाचं नाव असलेलं काम. जानेवारीच्या सुरुवातीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत त्याच रस्त्यावरची आयपॅड चित्रं, प्रत्येकाला तारखेचं नाव, निवडलेली 51, माणसाएवढ्या उंचीच्या आसपास छापलेली. सोबत 32 कॅनव्हासचं एक प्रचंड तैलचित्र. 2012 च्या जानेवारीत रॉयल अकॅडमीत ते लागलं. जानेवारीतल्या चित्रात नुसत्या काड्या आणि बर्फ. मेपर्यंत हिरवा रंग इतका माजलेला की रस्ता दिसेनासा होतो. जोडीला गाडीवर नऊ कॅमेरे बसवून त्याच रस्त्याच्या चारही ऋतूंतल्या फिल्म काढल्या होत्या. नऊ कॅमेऱ्यांचे कोन किंचित वेगळे, त्यामुळे डोळ्याला एका जागी थांबता येत नाही. ती फिल्म शोधून बघाच.

इथपर्यंतच ऐकलं तर गोष्ट गोड वाटते. पुढे वाईट आहे. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये हॉकनीला स्ट्रोक आला, सौम्य होता, हात चालत होता, पण बोलताना वाक्यं पूर्ण करणं अवघड जात होतं. पुढच्या महिन्यात त्याचं एक आवडतं झाड, उंच उभा बुंधा, ज्याला तो 'टोटेम' म्हणायचा आणि जे त्याने अनेकदा रंगवलं होतं, ते कुणीतरी रात्री येऊन रंग फासून कापून टाकलं. तो अंथरुणाला खिळला. मग उठून त्याने त्या पडलेल्या झाडाचीच चित्रं काढली, कोळशाने. रंग बंद. 2013 च्या वसंतात पुन्हा वोल्डगेट, पाच जागा, प्रत्येक जागेची पाच चित्रं, एकूण 25, सगळी काळी-पांढरी. ते चालू असतानाच मार्चमध्ये त्याचा तरुण सहाय्यक गेला. मालिका पूर्ण करून हॉकनी कॅलिफोर्नियाला परत गेला.

मला विचाराल तर त्या 25 चित्रांपुढे 2011 चा तो रंगांचा सोहळा थोडा फिका पडतो. ओल्या रस्त्यावरचा उजेड नुसत्या कोळशाने आणि मोकळ्या सोडलेल्या कागदाने दाखवलाय. अशा दिवसांत 'गावाची शांतता' वगैरे काही शिल्लक नव्हती. गाव तेच होतं आणि छळत होतं. उपयोगी पडलं ते इतकंच, की कुठे उभं राहायचं हे ठाऊक होतं आणि वसंत कुणासाठी थांबत नव्हता.

दुसरी रेसिडेन्सी फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत. 2018 मध्ये तो तिथलं बायू टेपेस्ट्री पुन्हा बघायला गेला होता. 1066 च्या स्वारीची गोष्ट सांगणारं, जवळपास 70 मीटर लांबीचं जुनं भरतकाम. तुम्ही चालत जाता आणि गोष्ट पुढे सरकते, सावल्या नाहीत, एकच एक कोन नाही. आजच्या भाषेत स्क्रोलिंग. तिथेच जवळ त्याने जुनं लाकडी चौकटीचं घर घेतलं आणि 2019 च्या मार्चमध्ये राहायला गेला. भोवती सफरचंद, नाशपाती, चेरीची झाडं, एक ओढा, एक तळं. या वेळी रस्ताही नाही. कुंपणाच्या आतच सगळं.

2020 चा वसंत आयपॅडवर पकडायचा असं त्याने ठरवलं होतं आणि 17 मार्चला फ्रान्समध्ये लॉकडाउन लागला. तो 82 वर्षांचा. बाहेर काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी आपापल्या घरात बसून पाहिलंय. त्याने पिवळ्या डॅफोडिल्सचं एक चित्र जगाला दाखवायला पाठवलं, नावाचा मतलब असा की वसंत काही रद्द करता येत नाही. मग रोज झाडं. त्याच्या गरजेप्रमाणे ॲपमध्ये बदल करून नवे ब्रशही बनवून घेतले होते. युझर बयाऐंशीचा आणि फीचर रिक्वेस्ट चालू, मला हे फार आवडतं. त्यातली 116 चित्रं 2021 मध्ये रॉयल अकॅडमीत लागली. शिवाय वर्षभरातली 220 चित्रं जोडून 90 मीटर लांबीचा एक पट्टा तयार झाला, 'अ इयर इन नॉर्मंडी', बायूपेक्षाही लांब. 2021 मध्ये तो पॅरिसमध्ये ओरँजरी संग्रहालयात लागला आणि 2022 मध्ये साल्ट्स मिलमध्ये, म्हणजे सिल्व्हरच्या गिरणीत.

ही चित्रं सगळ्यांना आवडली नाहीत. काही समीक्षकांनी भडक, सपाट, घाईची म्हणून झोडपलं. मला त्यात तथ्य वाटतं, पण अर्धं. स्क्रीनवर जन्मलेला तो हिरवा रंग मागून उजेड असतो तेव्हा जिवंत असतो, कागदावर छापला की थोडा प्लास्टिकसारखा होतो. म्हणून यातली चित्रं फोनवर बघा, ब्राइटनेस वाढवून, खोलीतला दिवा घालवून. ती तशाच उजेडात काढलेली आहेत.

आता तुमचा प्रश्न, जाऊ का गावाला? हॉकनीकडे मदतनीस होते, गाडी होती, हवं तिथे घर घेण्याएवढे पैसे होते, हे विसरून सल्ला देणं म्हणजे फसवणूक. नोकरी सोडून कुठेतरी जाऊन बसा असं मी कुणालाही सांगणार नाही, ईएमआय मी पण भरतो. रेसिडेन्सी मिळत असेल तर जरूर जा. पण जाण्याआधी तिथली एक जागा ठरवता येते का बघा. एक झाड, एक विहीर, एसटी स्टँडचा एक कोपरा, काहीही. रोज तिथे जायचं, तारीख टाकायची, आणि काहीतरी असं निवडायचं जे तुमच्यासाठी थांबणार नाही. असं ठरवता येत नसेल तर तीन महिन्यांपैकी पहिले दोन सेटल होण्यात जातील आणि तिसरा परतीची तिकिटं बघण्यात. आणि हे सगळं तुम्ही राहता त्या सोसायटीच्या गेटपासूनही सुरू होतं, त्यासाठी रजेचा अर्ज लागत नाही.

ज्यांना चित्रं काढायची आहेत त्यांच्यासाठी एक छोटी गोष्ट. तुमच्या ॲपमध्ये टाइमलॅप्स किंवा रिप्लेचा पर्याय असेल तर चालू ठेवा. प्रोक्रिएटमध्ये असतो, इतर काहींमध्येही सापडतो. चित्र झाल्यावर एकदा चालवून बघा. आपण कुठे अडलो, कुठला फटकारा चार वेळा पुसला, ते दिसतं.

पुढच्या आठवड्यात फॅक्सवाली भानगड घेणार आहे, म्हणजे फोनच्या लाइनीवरून चित्र नेमकं जातं कसं. तोवर तुमच्या जागांचे फोटो पाठवा, एकाच जागेचे, वेगवेगळ्या तारखांचे. सुंदर नसले तरी चालतील.